काबरीच्या राज्यात बारा पिलं

पत्र : नमस्कार. आमचं गाव तासगाव तालुक्यात. परड्यात सात गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा, दोन वर्षांपासून. दिवाळीनंतरच्या बाजारात टेम्पोवाल्याकडून गिरीराज जातीची बारा पिलं घेतली. महिन्याची आहेत, सगळ्या लसी झाल्यात, असं तो म्हणाला. तीन आठवडे पडवीत खोक्यात बल्बखाली ठेवली. रविवारी मुलीनं हौसेनं सगळी परड्यात सोडली. आमची काबरी कोंबडी आणि आणखी दोघी धावून गेल्या. एक पिल्लू जागीच गेलं, एकाच्या डोक्याचं कातडं सोललंय. सासूबाई म्हणतात, ‘आम्ही कधी असले चोचले केले नाहीत, सोडा, आपापलं भागवून घेतील.’ मालक म्हणतात, विकून टाक. एक कोंबडी अंडी उबवायच्या हट्टानं पंधरा दिवस खुडूक बसलीय, तिच्याखाली ही पिलं घातली तर चालेल का? नाहीतर कधी आणि कशी सोडू? सोबत फोटो पाठवलाय.

उत्तर : ताई, आधी ते सोललेलं पिल्लू बघा, बाकीचं सावकाश वाचा.

कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून कापसानं जखम पुसून घ्या. मग हळद खोबरेल तेलात कालवून जाडसर लेप द्या. सांगली जिल्ह्यात राहून हळदीला काय तोटा! तिचे दोन उपयोग आहेत. एक तर जखम चिघळत नाही. दुसरं म्हणजे लाल रंग झाकला जातो, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे. कोंबडीला लाल काही दिसलं की तिची चोच थांबत नाही. मग ती परकी कोंबडी असो नाहीतर खोक्यातली सख्खी भावंडं. काबरीनं अर्धवट सोडलेलं काम भावंडंच पुरं करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ते पिल्लू बाजूला ठेवा, पण एकटं नको. सोबत एखादं गरीब स्वभावाचं दुसरं पिल्लू द्या. एकटं राहिलेलं पिल्लू खात नाही, नुसतं ओरडत राहतं, आणि आठवड्यानं परत सोडलं तर बाकीच्यांना परकंही होतं. जखमेवर माशी बसू देऊ नका. मान वाकडी धरत असेल किंवा हाड दिसत असेल, तर घरी प्रयोग न करता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

आणि पोरीला रागवू नका. माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली, कोंबड्यांना टोचलेल्या सुयांची गणती नाही, आणि तरी मिरजेजवळच्या घरी मी स्वतः हाच उद्योग करून बसलोय. डीपी क्रॉस या संकरित जातीची दहा पिलं आणली होती. सकाळी परड्यात सोडली आणि चहा प्यायला आत गेलो. कप खाली ठेवेपर्यंत तीन आडवी. तेव्हा बायको म्हणाली, ‘तुम्ही दवाखान्यात नक्की काय करता?’ त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आता सासूबाईंचं बघू. त्या खोटं बोलत नाहीत. त्यांच्या काळी पिलं सोडायचा प्रश्नच नव्हता, कारण पिलं आईबरोबर यायची. तुम्हीही पाहिलं असेल, गावरान कोंबडी पिलं घेऊन खाली उतरली की तिचं रूपच बदलतं. पिसं फुलवून दुप्पट होते, पंख जमिनीला टेकवते. एरवी जिच्यापुढे मान खाली घालायची, त्या थोरलीच्याही अंगावर जाते. कुत्र्याला सोडत नाही, माणसालाही नाही. घारीची सावली पडली की एकच बारीक ‘कुर्रर्र’, आणि सगळी पिलं पोटाखाली. दाणा सापडला की ‘टुक टुक’. दोन महिने ती पिलांना घेऊन त्याच परड्यात, त्याच कोंबड्यांमधून फिरते. तोवर सगळ्यांची नजर बसलेली असते. मग एक दिवस ती स्वतःच पिलांना टोचून लांब करते, तेव्हा त्यांना परडं नवं नसतं आणि परड्याला ती नवी नसतात.

टेम्पोतून आलेल्या पिलांना हे काहीच मिळालेलं नसतं. ती यंत्रात उबली, बल्बखाली वाढली. कोंबडी म्हणजे काय ते त्यांनी रविवारी पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे आईचं काम आता तुमच्याकडे आलंय : ऊब, राखण, खाणं आणि ओळख. पहिली तीन तुम्ही नीट केलीत. ओळख तेवढी राहिली, आणि ती एका सकाळी होत नसते.

काबरीलाही खलनायिका ठरवू नका. कोंबड्यांच्यात उतरंड असते. कुणी कुणाला टोचायचं आणि कुणी गुमान बाजूला व्हायचं, हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरुप-एब्बे यांनी पोरवयापासून कोंबड्यांच्या वागण्याच्या नोंदी ठेवल्या आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर शास्त्रीय लेखन केलं, तेव्हापासून अभ्यासक ही उतरंड मानतात. आपल्या आज्या अर्थातच त्याआधीपासून मानत होत्या. ती एकदा लागली की परड्यात शांतता असते, रोज नव्यानं भांडावं लागत नाही. त्यात अचानक बारा अनोळखी तोंडं घुसली की उतरंड हलते. माझा अनुभव विचाराल तर सगळ्यांत वरची कोंबडी दोन टोचे मारून थांबते. जास्त छळतात त्या खालच्या पायरीवरच्या, ज्यांना आजवर टोचायला कुणी नव्हतं. घरात नव्या सुनेला सासूपेक्षा मधली जाऊ जास्त बोलते, तसंच. (हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवा. जावेला नको.) तेव्हा काबरीबरोबर धावलेल्या ‘आणखी दोघी’ कोण होत्या ते नीट हेरून ठेवा. खरं लक्ष त्यांच्यावर हवं.

फोटोवरून सांगतो, पिलं सात आठवड्यांची नाहीत. पंख भरलेत, पाठ जेमतेम झाकलीय, पण मान आणि डोकं अजून लवेचंच आहे. म्हणजे फार तर पाच आठवडे. टेम्पोवाल्याचा ‘महिना’ पंधरा दिवसांचा असतो. हिशेबाला हे महत्त्वाचं, कारण या वयात कवटी कोवळी असते. मोठ्या कोंबडीचा डोक्यावर बसलेला एक टोचा पुरतो, तुमच्याकडे झालं तसं. शिवाय थंडी सुरू झालीय. पिलाला पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. पाचव्या आठवड्यात दिवसा बल्ब नको, पण मार्गशीर्ष-पौषातल्या आपल्याकडच्या रात्रीला ६० वॉटचा बल्ब अजून पंधरा-वीस दिवस लागेल. थर्मामीटर नसला तरी पिलंच सांगतात. बल्बखाली ढीग करून बसली तर गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर तापलीत, पसरून झोपली तर बरोबर. रात्री लाईट गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मधे ठेवा. खोकं मात्र वरून पूर्ण झाकू नका, हवा कोंडते.

आता ओळखीचं. गिरीराज गावरानपेक्षा झपाट्यानं वाढतो. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तो तयारच झाला तो परसात लवकर वजन धरणारा पक्षी म्हणून. खाद्य बरं असेल तर अडीच महिन्यांत तुमच्या कोंबड्यांच्या खांद्याला खांदा लावतो. म्हणून माझं म्हणणं, संक्रांतीपर्यंत धीर धरा. संक्रांतीला पिलं अकरा-बारा आठवड्यांची होतील आणि तोवर ओळखीचं काम पुरं झालेलं असेल.

परड्याचा एक कोपरा जाळीनं तोडा. खुराड्याला लागूनचा, कोंबड्यांची रोज ये-जा असते तिथला. लांबचा निवांत कोपरा निवडायचा मोह होतो, पण मग ओळख कशी होणार? जाळी बारीक घ्या, अर्ध्या इंचाची, निदान खालचे दोन फूट तरी. षटकोनी मोठ्या भोकांच्या जाळीतून पिलू मान बाहेर काढतं आणि पलीकडची कोंबडी वाटच बघत असते. खालून वीतभर जाळी मातीत पुरा, मुंगूस आणि घूस तिथूनच येतात. वरून सावलीला आणि घारीला बेदाण्याच्या शेडचं जुनं शेडनेट चालेल. तुमच्या तालुक्यात ते कुणाच्याही पत्र्यावर पडलेलं सापडेल. पिलं दिवसभर तिथे, अंधार पडायच्या आत परत पडवीत.

पहिले दोन दिवस जाळीवर युद्ध होईल. काबरी येऊन आपटेल, मान ताठ करून बघेल, पिसं फुलवेल. होऊ द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ती शेजारून जाताना ढुंकूनही बघणार नाही. आता एक युक्ती करा. कोंबड्यांचं खाणं जाळीच्या अलीकडे आणि पिलांचं पलीकडे, अगदी समोरासमोर टाका. आधी तीन-चार फूट अंतर ठेवा आणि रोज थोडं थोडं जवळ आणा. एका पंगतीत बसल्यासारखं दोन्हीकडे खाणं सुरू झालं की अर्धी लढाई जिंकली. हे किमान दोन आठवडे चालू द्या. तिसराही चालेल. जाळीपलीकडून बघण्यानं कुणी मरत नाही, घाईनं मरतं.

त्यानंतरचं अवजार तुमच्या घरात असेलच : डालगं, म्हणजे बांबूची मोठी टोपली. आपण कोंबडी झाकायला वापरतो तेच, पण इथे उलट वापरायचं. परड्याच्या मधोमध डालगं पालथं घालायचं आणि कडेखाली तीन ठिकाणी विटा लावायच्या, आडव्या नाही, कडेवर उभ्या. म्हणजे खाली साधारण चार इंचांची फट राहते. पिल्लू त्यातून सुळकन आत जातं, मोठी कोंबडी छाती अडकून बाहेर राहते. आधी काबरीवरच परीक्षा घ्या, काही गावरान कोंबड्या भलत्याच चपट्या होतात. तिनं मान घातली आणि अंग अडकलं तर उंची बरोबर. डालग्यावर एक दगड ठेवा, नाहीतर ती उलथून टाकेल. आत पिलांचं खाणं आणि पाण्याची वाटी. सोडायच्या आधी दोन दिवस तेच डालगं जाळीच्या आत ठेवून पिलांना त्याखाली खायची सवय लावा. पळताना ‘हे माझं’ असं त्यांना आधीच माहीत असलं पाहिजे. पिलं वाढतील तशी फट वाढवायला लागेल, आणि वाढवता वाढवता ती काबरीलाही पुरेल एवढी झाली की डालग्याचं काम संपलं असं समजा.

शिवाय दडायला आणखी जागा करा. भिंतीला कडब्याच्या पेंढ्या तिरक्या टेकवा. द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या असतील तर त्यांचा ढीग उत्तम, पण ताज्या फवारणीच्या नकोत, जुन्या वाळलेल्याच घ्या. ढिगाला दोन बाजूंनी वाट हवी. एकाच तोंडाची जागा म्हणजे सापळा. माझी ती तीन पिलं सपाट, झाडून स्वच्छ केलेल्या अंगणात आणि भिंतीच्या कोपऱ्यात मेली. कोंबडीला हरवायला पिलाला ताकद लागत नाही, पळायला वाट लागते. हरणारा पळाला की जिंकणारीचं समाधान होतं. पळता आलं नाही तर ती टोचतच राहते, कारण तिच्या मते समोरचा अजून हरलेला नसतो.

आणखी एक गोष्ट मला पुरानं शिकवली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा मी सांगलीत मुलीकडे होतो. तिच्या गल्लीतल्या तीन घरांच्या कोंबड्या एका गच्चीवर आणल्या. मोठ्या कोंबड्या, अजून अंड्यावर न आलेल्या लहान तलंगा, दोन कोंबडे, सगळं एकात एक. माझी खात्री होती की पाण्यातून वाचलेल्या इथे रक्तबंबाळ होणार. पहिल्या संध्याकाळी थोडी चोचाचोची झाली, दुसऱ्या दिवशी सगळ्या एका परातीत भात खात होत्या. घाबरलेल्या होत्या हे एक. पण दुसरं असं की ती गच्ची कुणाचीच नव्हती. राखायला स्वतःचा कोपरा नाही, नेहमीची दांडी नाही, मग हाकलायचं कुणाला आणि कशावरून?

त्याचा उपयोग तुम्ही असा करा. पिलं प्रत्यक्ष सोडायच्या आदल्या दिवशी परड्याची मांडामांड बदला. पाण्याचं भांडं हलवा, खाण्याची जागा बदला, खुराड्यातली दांडी इकडची तिकडे करा, कोंबड्या अंग घुसळतात तो राखेचा खड्डा दुसरीकडे काढा. कोंबड्या थोड्या बावचळतात. त्यांनाही सगळं नवं असतं, आणि त्या गोंधळात पिलांकडे लक्ष कमी जातं.

सोडताना एकेक नको, अकराच्या अकरा एकदम. टोचे वाटले जातात. सकाळी उपाशीपोटी तर नकोच. तासभर आधी मोठ्यांना पोटभर घाला आणि मग संध्याकाळी, दिवस मावळायला तासभर असताना पिलं सोडा. थोड्याच वेळात सगळ्यांना खुराड्याचे वेध लागतात, भांडायला सवड नसते. तुम्ही तिथेच बसा. भाजी निवडा, शेंगा फोडा, पण उठू नका. पहिल्या दिवशी तास, दुसऱ्या दिवशी दोन तास, असं वाढवत न्या. मेथीची जुडी दोरीनं बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगून ठेवली तर मोठ्यांच्या चोचीला काम मिळतं.

एक टोचा, दोन पावलं पाठलाग, पिलू चीं करून पळालं : हे होणारच, मधे पडू नका. दर वेळी तुम्ही धावलात तर ओळख पुढेच सरकत नाही. पण कोंबडी पिलाला कोपऱ्यात रेटतेय, डोक्याची पिसं चोचीत धरून ओढतेय, अंगावर चढतेय किंवा कुठे रक्त दिसलं, तर लगेच उठा. आणि उचलायचं ते पिलाला नाही, त्या कोंबडीला. तिला तीन-चार दिवस दुसऱ्या डालग्याखाली, इतरांना दिसणार नाही अशा जागी ठेवा. खाणंपाणी व्यवस्थित द्या, हा काही तुरुंग नाही. तेवढ्यात उतरंडीतली तिची जागा गेलेली असते. परत आल्यावर नवखी तीच असते आणि स्वतःची बाजू सांभाळण्यात गुंतते. कोंबड्याची काळजी करू नका, तो बहुधा पिलांच्या वाटेला जात नाही. माझ्याकडचा एक तर पिलांनाही ‘टुक टुक’ करून दाणा दाखवायचा.

रात्रीचं खुराडं सगळ्यांत शेवटी. दिवसभर एकत्र राहून आठ दिवस काही अघटित झालं नाही, पिलं दहा आठवड्यांच्या पुढे गेली, थंडी सोसायला लागली, मगच. पूर्ण अंधार पडल्यावर पिलांना एकेक उचलून दांडीवर मोठ्यांच्या शेजारी बसवा. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, ती हलत नाही. पण सकाळी तुम्हाला तिच्याआधी उठावं लागेल. उजाडल्यावर बंद खुराड्यात जागा कमी आणि पळायला वाट नाही, सगळ्यांत वाईट मारामाऱ्या तिथेच होतात. तांबडं फुटायच्या आत दार उघडा, निदान आठवडाभर. आणि खुराड्याचं माप काढा. एका मोठ्या पक्ष्याला दोन चौरस फूट तरी हवेत. आठासाठी बांधलेल्या खुराड्यात एकोणीस कोंबल्या तर मी सांगितलेलं सगळं पाण्यात.

खाण्याचा एक मुद्दा बहुतेक जण विसरतात. अंड्यावरच्या कोंबड्यांना तुम्ही बाजारचं लेअर खाद्य घालत असाल तर ते पिलांच्या पोटात रोज जाता कामा नये. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिलाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं मूत्रपिंडावर जातं, आणि बाहेरून काही कळत नाही. परडं एक झालं की कोण कुणाचं खातं यावर पहारा ठेवणं अशक्य आहे. त्यावर सोपा उपाय, सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिलांचं खाद्य घाला आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत, पिलांना पोहोचणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा. अंडी देणारी कोंबडी आपल्याला हवा तेवढा चुरा स्वतः खाते. ज्वारीची कणी, मक्याचा भरडा, तांदूळ हे वरखाणं. नुसत्या त्यावर गिरीराज वाढणार नाही.

आणि रोगाचं. टेम्पोवाल्याच्या ‘सगळ्या लसी झाल्यात’ यावर विश्वास ठेवू नका, कागद मागा. तो देणार नाही. खरं तर नवी पिलं निदान दोन-तीन आठवडे मोठ्यांपासून पूर्ण लांब ठेवायची असतात. तुमच्याकडून ते न ठरवता घडलं, त्या काळात एकही शिंकलं नाही, हे नशीब. आता उलट बाजू बघा. मोठ्या कोंबड्या ज्या जंतूंना पचवून बसलेल्या असतात, ते पिलांना नवे असतात. पुढचे दहा दिवस रोज सकाळी पिलांची विष्ठा बघा. लालसर किंवा रक्तमिश्रित दिसली, पिलं पिसं फुलवून डोळे मिटून उभी राहिली, तर ती रक्ती हगवण. तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठा, औषध पाण्यातून देता येतं आणि वेळेत दिलं तर पिलं वाचतात. तिला ओल लागते, म्हणून खोक्यातलं तूस कोरडं ठेवा, पाण्याभोवतीचं रोज बदला. राणीखेतची म्हणजे मानमोडीची लस आणि देवीची लस यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्या. एका बाटलीत निदान शंभरेक पक्ष्यांची मात्रा असते आणि एकदा कालवली की दोन-अडीच तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार घरांनी एका सकाळी मिळून टोचून घ्या. तुमच्या सातही कोंबड्या त्यात धरा. लस बर्फात आणायची, पिशवीत नाही.

मालकांना सांगा, आज विकली तर टेम्पोवाल्यालाच फायदा. पण एक विक्री ठरवून ठेवा. अकरांतले साधारण निम्मे कोंबडे निघतील. चार महिन्यांचे झाले की ते एकमेकांत आणि तुमच्या जुन्या कोंबड्याशी भिडतील, आणि ते भांडण जाळीनं मिटत नाही. सात कोंबड्या आणि पाच-सहा तलंगांना एक कोंबडा भरपूर झाला. सुदैवानं त्याच सुमाराला आपल्याकडे गावोगावच्या जत्रा सुरू होतात, तगड्या कोंबड्याला गिऱ्हाईक घरी चालत येतं.

राहिली खुडूक कोंबडी. ही पिलं तिच्याखाली घालू नका. पाच आठवड्यांच्या पिलाला ती आपलं मानत नाही आणि पिलंही तिला आई मानत नाहीत. तो काळ पहिल्या दोन-तीन दिवसांतच निघून जातो. शिवाय ही पिलं तिच्या पंखाखाली मावणार कुठे? पण पंधरा दिवस बसलेली खुडूक वाया घालवणंही माझ्या जिवावर येतं. कोंबडी २१ दिवसांत पिलं काढते, म्हणजे आठवडाभरात तिच्या मनानं वेळ भरत आलेली असेल. तेवढ्यात कुठे एक-दोन दिवसांची, यंत्रातून नुकतीच निघालेली सात-आठ पिलं मिळाली तर आणा. रात्री दहाच्या पुढे, दिवा न लावता, तिच्या पोटाखालची अंडी काढत काढत एकेक पिल्लू आत सरकवा. हात कोमट असू द्या. मग घरात जाऊन झोपा. पहाटे बाहेरूनच कान द्या. आतून ‘टुक टुक’ ऐकू आलं, तर या पिलांची ओळख तीच करून देईल, पडवीतला बल्ब काढून माळ्यावर टाका. पिलं ओरडत असतील आणि ती टोचत असेल, तर तेच खोकं, तोच बल्ब आणि परत तेच डालगं.